फेलिक्स ब्लॉख : अडचण वाटली, तीच खूण ठरली

वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात एखाद्या तरण्याताठ्या माणसाला अचानक मिरगीचा झटका येतो. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो. मग गाडी करून त्याला रिसोडला किंवा वाशिमला नेतात आणि तिथून अकोल्याला. एमआरआय होतो. मेंदूत एक गोल गाठ दिसते, कडेने चकाकणारी आणि मध्ये काळसर. ही गाठ क्षयाची असू शकते, पू साठलेली असू शकते, फीतकृमीच्या अळीमुळे झालेली असू शकते किंवा कर्करोगाची असू शकते. चारही गाठी चित्रात सारख्या दिसू शकतात, पण उपचार चार तऱ्हेचे. क्षयाला अनेक महिने गोळ्या, पुवाला अँटिबायोटिक आणि बहुतेक वेळा पू काढणे, अळीला वेगळे औषध, कर्करोगाला शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. कवटीला छिद्र पाडून गाठीचा तुकडा तपासणे हा खात्रीचा मार्ग आहे. पण त्यात जोखीम असते आणि घरच्यांच्या काळजाचे पाणी होते.

अशा वेळी रेडिओलॉजिस्ट कधीकधी त्याच यंत्रावर आणखी काही मिनिटांची एक तपासणी करतात. तिचे नाव एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. तिच्यातून चित्र मिळत नाही, एक वरखाली जाणारी रेघ मिळते. त्या रेघेतले प्रत्येक शिखर गाठीतल्या एकेका रेणूची खूण असते. सुई न टोचता, रक्त न काढता शरीरातला रेणू ओळखण्याची ही विद्या ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाली, त्या फेलिक्स ब्लॉख यांची ही गोष्ट. गंमत म्हणजे, ज्या गोष्टीमुळे आज रेणू ओळखता येतात, ती त्यांच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा दिसली तेव्हा अडचण वाटली होती.

धान्य व्यापाऱ्याचा मुलगा

फेलिक्स ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील गुस्ताव्ह हे धान्याचे घाऊक व्यापारी. गणिताची आवड, पियानोचा नाद आणि डोंगर चढण्याचे वेड या तीन गोष्टी त्यांना लहानपणी लागल्या त्या जन्मभर सुटल्या नाहीत. १९२४ मध्ये ते झुरिचच्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले ते इंजिनीअर होण्यासाठी. वर्षभरातच मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. त्यात पोटापाण्याची फारशी शाश्वती नव्हती, तरी त्यांनी वाट बदलली.

तो काळ विलक्षण होता. अणूच्या आत काय चालते याचे नवे गणित, म्हणजे पुंजयामिकी, नुकते जन्माला येत होते. १९२७ मध्ये ब्लॉख जर्मनीतल्या लाइपझिगला वेर्नर हायझेनबर्ग यांच्याकडे गेले आणि त्यांचे पहिले डॉक्टरेटचे विद्यार्थी झाले. १९२८ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी धातूच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन कसे वाहतात याचा उलगडा केला. आज मोबाइलमधल्या चिपपर्यंत जे सगळे अर्धवाहकांचे शास्त्र पोहोचले आहे, त्याच्या पायात हा प्रबंध आहे. तेव्हा त्यांचे वय होते २२.

पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी युरोपातल्या मोठ्या गुरूंकडे काम केले. कोपनहेगनला नील्स बोर, झुरिचला वोल्फगांग पाउली. विद्युतभारित कण एखाद्या पदार्थातून जाताना किती ऊर्जा गमावतो याचे सूत्रही त्यांनी याच काळात सुधारून मांडले. ते बेथे-ब्लॉख सूत्र म्हणून ओळखले जाते. प्रोटॉनचा झोत शरीरात किती खोल जाऊन थांबेल हे काढायला आजही तेच वापरतात. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉन उपचार होतात, त्यामागचा हिशेब इथून सुरू होतो.

घर सुटले

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये कायदा करून ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यास सुरुवात झाली. ब्लॉख लाइपझिगच्या विद्यापीठात शिकवत होते. त्याच वसंत ऋतूत त्यांनी जर्मनी सोडली. २७ वर्षांचे वय, हाती नाव झालेले, पण पाय टेकायला जागा नाही. काही दिवस पॅरिसला व्याख्याने दिली, मग रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडे राहिले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून नोकरीचे बोलावणे आले. त्या विद्यापीठाबद्दल त्यांना फारशी माहिती नव्हती. १९३४ मध्ये ते तिथे पोहोचले.

स्टॅनफर्ड तेव्हा भौतिकशास्त्राचे मोठे केंद्र नव्हते. ब्लॉख तोवर केवळ कागद-पेन्सिल घेऊन काम करणारे शास्त्रज्ञ होते. इथे मात्र त्यांना हाताने प्रयोग करण्याची गोडी लागली. न्यूट्रॉन या कणाला विद्युतभार नसतो, तरीही तो एखाद्या इवल्याशा चुंबकासारखा वागतो. हे चुंबकत्व किती, हे त्यांना मोजायचे होते. १९३९ मध्ये बर्कलेच्या सायक्लोट्रॉनवर लुइस अल्वारेझ यांच्यासोबत त्यांनी ते मोजले. त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. १९४० मध्ये लोरे मिश या भौतिकशास्त्रज्ञ तरुणीशी त्यांनी लग्न केले. त्याही जर्मनीतून परागंदा झालेल्या होत्या. पुढे त्यांना चार मुले झाली.

युद्धात ब्लॉख काही काळ लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात होते. पण तिथून ते बाहेर पडले आणि पूर्व किनाऱ्यावर केंब्रिज या गावी हार्वर्डच्या रेडिओ प्रयोगशाळेत गेले. शत्रूच्या रडारला चकवायचे कसे, यावर तिथे काम चाले. या कामात त्यांना एक गोष्ट मिळाली, जी कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. रेडिओलहरींचा अगदी क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, हे ते तिथे शिकले. त्याच गावात एमआयटीच्या प्रयोगशाळेत एडवर्ड पर्सेल नावाचे दुसरे तरुण शास्त्रज्ञ रडार बनवत होते. दोघांच्याही डोक्यात एकाच विषयाचे बीज रुजत होते आणि दोघांनाही एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

पाण्यातली रेडिओलहर

युद्ध संपताच ब्लॉख स्टॅनफर्डला परतले. त्यांची कल्पना समजायला भोवरा आठवावा. फिरणारा भोवरा जरा कलला की पडत नाही. त्याचा माथा गोल गोल डोलू लागतो. हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यात एक प्रोटॉन असतो आणि तोही चिमुकल्या चुंबकासारखा असतो. मोठ्या चुंबकात ठेवला की तो भोवऱ्यासारखा डोलतो. चुंबक जितका जोरदार, तितके हे डोलणे वेगवान. ज्या वेगाने तो डोलतो, नेमक्या त्याच वेगाची रेडिओलहर सोडली तर तो ती शोषतो, पुरता कलतो आणि मग स्वतःच एक क्षीण रेडिओलहर परत देतो. भोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यात ती पकडता येते. रेडिओचे बटण फिरवून केंद्र लावावे, तसेच हे. आकडा जुळला तरच आवाज, नाहीतर खरखर.

ब्लॉख यांच्यासोबत विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकार्ड होते. चुंबकाची ताकद सुमारे ०.१८ टेस्ला, म्हणजे आजच्या इस्पितळातल्या नेहमीच्या यंत्राच्या आठव्या भागाइतकी. नमुना होता साधे पाणी. एक काळजी होती. प्रोटॉन चुंबकाच्या दिशेला लागायला फार वेळ घेत असतील, तर संकेत मिळणारच नाही. म्हणून त्यांनी पाण्यात थोडे फेरिक नायट्रेट, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळले. लोहाच्या चुंबकीय गुणामुळे प्रोटॉन लवकर ताळ्यावर येतात. आज एमआरआयच्या आधी शिरेतून गॅडोलिनियमचे जे इंजेक्शन देतात, त्याचे काम याच तत्त्वावर चालते.

१९४६ च्या जानेवारीत पडद्यावर संकेत उमटला. काही आठवडे आधी, १९४५ च्या डिसेंबरात, पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हार्वर्डला मेणामधून तसाच संकेत मिळाला होता. दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट शोधली होती. ब्लॉख यांनी आपले बोट वेटोळ्यात घातले आणि चांगला ठसठशीत संकेत आला, असे सांगतात. जिवंत माणसाच्या शरीरातून आलेल्या अशा पहिल्यावहिल्या संकेतांपैकी तो एक. बोटात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून पुढे इस्पितळात रांगा लागतील, हे तेव्हा कुणाच्या मनात नव्हते.

त्याच वर्षी ब्लॉख यांनी या डोलण्याची समीकरणे मांडली. कललेला प्रोटॉन पुन्हा चुंबकाच्या दिशेला यायला जो वेळ घेतो तो टी-वन, आणि सगळे प्रोटॉन एका तालात डोलत असताना तो ताल बिघडायला जो वेळ लागतो तो टी-टू. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये टी-वन, टी-टू ही अक्षरे जवळपास प्रत्येकाने पाहिली असतील. ती ब्लॉख यांच्या समीकरणांतून आलेली आहेत.

१९५२ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ते पहिले नोबेल. हॅन्सन मात्र तो दिवस पाहायला नव्हते. फुफ्फुसांच्या आजाराने ते १९४९ मध्ये चाळिशी गाठण्याआधीच वारले होते.

नको असलेला फरक

ब्लॉख यांचे ध्येय स्पष्ट होते. वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या गाभ्याचे चुंबकत्व त्यांना अचूक मोजायचे होते. त्यांच्या दृष्टीने हायड्रोजनचा प्रोटॉन कुठेही असला, तरी एका चुंबकात त्याचा आकडा एकच यायला हवा होता. नायट्रोजनचा एक आकडा, क्लोरीनचा एक, असा सरळ तक्ता.

१९५० च्या सुमारास वॉरन प्रॉक्टर आणि चीनहून आलेले एफ. सी. यू हे त्यांच्या प्रयोगशाळेतले दोन तरुण नायट्रोजनचा आकडा काढत होते. नायट्रोजन भरपूर असलेला आणि पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ हवा होता. त्यांनी अमोनियम नायट्रेट निवडले, जे खतात आणि स्फोटकांत वापरतात. एक शिखर यायला हवे होते. आली दोन. आधी वाटले, कुठेतरी चूक आहे. पण पुन्हा पुन्हा तपासले तरी दोनच. अमोनियमच्या टोकाचा नायट्रोजन एका जागी बोलत होता आणि नायट्रेटच्या टोकाचा दुसऱ्या जागी. गाभा तोच होता, पण त्याच्या भोवतालचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकाला थोडेसे अडवत होते आणि प्रत्येक रेणूत ही आडकाठी वेगळी होती.

मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने ही अडचणच. ज्या आकड्यासाठी एवढी खटपट, तो कोणत्या रसायनात मोजला यावर बदलणार असेल, तर अचूकता कुठली? ब्लॉख यांना रसायनशास्त्राचे फारसे आकर्षण नव्हते. पण त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या आणखी तिघांनी हा फरक हायड्रोजनमध्ये तपासून पाहिला. जेम्स अर्नोल्ड, मार्टिन पॅकार्ड आणि तिसरे भारतीय, डॉ. एस. एस. धर्मट्टी.

तिघांनी घेतला साधा इथाइल अल्कोहोल, जो दारूत असतो आणि सॅनिटायझरमध्येही. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात. तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. चुंबकाचे क्षेत्र नमुन्याच्या सर्व भागांत अगदी एकसारखे असेल, तरच इतका बारीक फरक दिसणार होता. १९५१ मध्ये त्यांनी छापलेल्या आलेखात तीन स्वतंत्र शिखरे होती आणि त्यांचे आकारमान तीन, दोन, एक या प्रमाणात होते. कुठला हायड्रोजन कुठे बसला आहे आणि किती आहेत, दोन्ही गोष्टी एका रेघेत. रेणू न फोडता, न जाळता, कुठल्याही रसायनाशी न मिसळता, त्याची ओळख पटत होती.

जगभरचे रसायनशास्त्रज्ञ या आलेखाने जागे झाले. स्टॅनफर्डजवळच रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांची कंपनी होती. तिने ब्लॉख आणि हॅन्सन यांच्या पेटंटवर यंत्रे बनवायला घेतली. नवे औषध बनवले की त्याचा रेणू हवा तसाच आहे ना, हे आजही अशाच यंत्रावर तपासतात.

मुंबईत आलेली विद्या

धर्मट्टी अमेरिकेत राहिले नाहीत. होमी भाभा तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करत होते. गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचे काम चाले. धर्मट्टी तिथे आले आणि पन्नाशीच्या दशकात त्यांनी या विषयाचा गट बांधला. आयात केलेले यंत्र पेटीतून काढून वीज जोडावी, असे ते दिवस नव्हते. बरीच उपकरणे इथेच जुळवावी लागत. १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले आणि हा गटही वाढत गेला. धर्मट्टींच्या हाताखाली तयार झालेल्यांत गिरिजेश गोविल होते. १९८० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने याच संस्थेत जोरदार चुंबकाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि देशभरातले संशोधक प्रथिने व डीएनएचे रेणू तपासायला तिथे येऊ लागले. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेतला दिवा असा मुंबईत लागला.

स्वतः ब्लॉख यांच्या आयुष्यात १९५४ मध्ये एक वेगळे वळण आले. युरोपातल्या देशांनी मिळून जिनिव्हाजवळ सर्न ही संशोधन संस्था काढली आणि तिचे पहिले महासंचालक म्हणून ब्लॉख यांना बोलावले. ज्या युरोपातून निघून जावे लागले होते, त्याच युरोपाने सन्मानाने परत बोलावले. ते गेले, जाताना अर्नोल्ड आणि वेस्टन अँडरसन या सहकाऱ्यांना घेऊन गेले, की संशोधन सुटू नये. पण बैठका, खर्चाची पत्रके आणि सह्या यांत त्यांचा जीव रमेना. वर्षभरातच पद सोडून ते स्टॅनफर्डला परतले. खुर्चीपेक्षा प्रयोगशाळेतला स्टूल त्यांना प्यारा होता.

त्यांचे विद्यार्थी अँडरसन पुढे व्हेरियन कंपनीत गेले. तिथे रिचर्ड अर्न्स्ट यांच्यासोबत त्यांनी अशी रीत काढली, की सगळी केंद्रे एकदम ऐकायची आणि नंतर गणिताने वेगळी करायची. त्यामुळे तासांचे काम मिनिटांवर आले. ही रीत नसती तर रुग्णाला यंत्रात इतका वेळ झोपवून ठेवणे अशक्यच होते. अर्न्स्ट यांना १९९१ चे नोबेल मिळाले.

इस्पितळाच्या दारात

१९७१ मध्ये रेमंड डमेडियन यांनी दाखवले, की उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींचे टी-वन आणि टी-टू निरोगी ऊतींपेक्षा वेगळे असतात. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाची ताकद जागेनुसार बदलत नेऊन या संकेतांचे चित्र बनवले आणि इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते वेगाने काढण्याची वाट दाखवली. लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. यंत्र इस्पितळात आले तेव्हा नावातला न्यूक्लिअर हा शब्द गळला, कारण लोक अणुबॉम्ब आठवून घाबरत. प्रत्यक्षात या तपासणीत क्ष-किरण नाहीत की किरणोत्सार नाही. चुंबक आणि रेडिओलहरी, एवढेच.

एमआरआयचे चित्र मुख्यतः पाण्याचे आणि चरबीचे असते. ब्लॉख यांच्या बोटातून आला तोच हा पाण्याचा संकेत. पण धर्मट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोलमध्ये पाहिलेला फरक शरीरातही असतो. निरोगी चेतापेशींत एनएए नावाचा रेणू असतो, त्याचे शिखर एका ठरावीक जागी येते. पेशींची आवरणे भराभर बनत असतील तर कोलीनचे शिखर चढते. ऑक्सिजन कमी पडला तर लॅक्टेट दिसते. आता सुरुवातीच्या त्या गाठीकडे पाहता येईल. कोलीन चढलेले आणि एनएए घसरलेले असेल तर संशय कर्करोगाकडे जातो. क्षयाच्या गाठीत चरबीचे ठळक शिखर दिसते, कारण क्षयाच्या जंतूचे आवरणच मेणचट असते आणि गाठीच्या मध्याचा भाग सडून चिजासारखा झालेला असतो. पुवाच्या गाठीत अमिनो आम्ले आणि ॲसिटेट दिसू शकतात, ती जंतूंच्या आणि पांढऱ्या पेशींच्या कामातून आलेली असतात.

हे ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात फार अवघड आहे. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतो. कोलीन आणि शेजारच्या क्रिएटिनच्या शिखरांतले अंतर त्यात फक्त १३ च्या आसपास असते. चुंबकाचे क्षेत्र किंचित जरी इकडे तिकडे झाले तरी दोन्ही शिखरे एकमेकांत मिसळतात. दुसरी अडचण म्हणजे पाण्याचा संकेत या रेणूंपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मोठा. जत्रेतल्या भोंग्याशेजारी कुणाची कुजबुज ऐकण्यासारखे ते आहे. म्हणून आधी पाण्याचा आवाज दाबावा लागतो. तिसरी अडचण अशी, की शरीराच्या तापमानाला दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाच जास्तीचे प्रोटॉन संकेत देतात. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. त्यामुळे पुरेसा संकेत मिळायला बोराएवढा भाग निवडून कित्येक मिनिटे ऐकत राहावे लागते. गाठ त्याहून लहान असेल, हाडाला लागून असेल किंवा रुग्ण हलला तर आलेख बिघडतो.

यावर एक उपाय म्हणजे चुंबक मोठा करणे. ७ टेस्लाच्या यंत्रात दहा लाखांमागे पाचऐवजी सुमारे तेवीस प्रोटॉन कामी येतात आणि शिखरांतले अंतर १३ वरून ६० च्या घरात जाते. अशा यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये रुग्णांसाठी परवानगी दिली. पॅरिसजवळ साक्ले इथे ११.७ टेस्लाचे, १३२ टन वजनाचे यंत्र उभे आहे. त्यातून माणसाच्या मेंदूची पहिली चित्रे २०२४ मध्ये आली.

मोठ्या चुंबकाचे स्वतःचे त्रासही आहेत. ७ टेस्लाला रेडिओलहरीची मेंदूतली लांबी बारा-तेरा सेंटीमीटर होते, म्हणजे डोक्यापेक्षाही थोडी लहान. मग डोक्याच्या एका भागात लहर जोरदार पोहोचते, दुसऱ्या भागात क्षीण. चित्रात सावल्या पडतात. रेडिओलहरीने शरीर तापते, आणि चुंबक दुप्पट केला की ही उष्णता साधारण चौपट होते. म्हणून लहर किती वेळ, किती जोरात आणि कोणत्या बाजूने सोडायची, याची मशागत करण्यात आज जगभरचे अभियंते गुंतले आहेत.

एक युक्ती मात्र खास आहे. काही रेणूंवरचे हायड्रोजन भोवतालच्या पाण्यातल्या हायड्रोजनशी सतत अदलाबदल करतात. नेमक्या त्या रेणूच्या आकड्यावर रेडिओलहर सोडून त्याचे हायड्रोजन गप्प केले, की ते गप्प हायड्रोजन पाण्यात जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. तेही गप्प होतात. थोड्या वेळात पाण्याचाच संकेत मोजण्याइतका घटतो. जो घटला, त्यावरून तो रेणू किती आहे हे कळते. म्हणजे ज्या पाण्याचा गोंगाट नको होता, तेच निरोप्या बनते. मेंदूतला ग्लुटामेट नावाचा संदेशवाहक रेणू अशा रीतीने ७ टेस्लाच्या यंत्रावर चित्रात उतरवला गेला आहे. मिरगीचा झटका मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होतो हे शोधण्यासाठी त्याचा अभ्यास चालू आहे.

शेवटचा मुक्काम

ब्लॉख १९७१ मध्ये स्टॅनफर्डमधून निवृत्त झाले. पियानो आणि डोंगर यांनी सोबत सोडली नाही. १० सप्टेंबर १९८३ रोजी, ज्या झुरिचमध्ये जन्म झाला तिथेच त्यांचे निधन झाले. त्या सुमारास एमआरआयची यंत्रे युरोप-अमेरिकेतल्या इस्पितळांत नुकती येऊ लागली होती. पाण्याच्या थेंबातून घेतलेला संकेत रुग्णाच्या उशापर्यंत पोहोचलेला त्यांनी पाहिला, तो असा ओझरता.

आज जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठ्या शहरात एमआरआयला जाणाऱ्या रुग्णाने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हृदयात पेसमेकर, डोक्यात क्लिप, कानात बसवलेले यंत्र, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर तो आधी सांगावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर इंजेक्शनआधी सांगावे. जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्याव्यात, कारण गाठ वाढली की आकसली हे तुलनेतूनच कळते. आणि स्पेक्ट्रोस्कोपीचा आलेख म्हणजे शेवटचा निकाल समजू नये. क्षय आणि कर्करोग यांचे आलेख काही वेळा एकमेकांसारखे दिसतात. छातीचा एक्स-रे, थुंकी, पाठीच्या मणक्यातले पाणी आणि गरज पडली तर तुकड्याची तपासणी, या सगळ्यांसोबत तो आलेख वाचायचा असतो. पण काही रुग्णांत हाच आलेख कवटी उघडण्याची वेळ टाळतो आणि क्षयाच्या गोळ्या वेळेवर सुरू होतात. अमोनियम नायट्रेटच्या बाटलीत नको असलेले दुसरे शिखर दिसले तेव्हा प्रॉक्टर आणि यू यांनी ते खोडून टाकले नाही, म्हणून हे शक्य झाले.